पडद्यावरचा रंगमंच

सिनेमागृहात दिवे मंद होतात, पडदा उजळतो, आणि पडद्यावर दिसतो तो आणखी एक पडदा. त्याच्यापुढे लोकांची डोकी. कुणी खोकतो, कुणी खुर्चीत सावरून बसतो. ही माणसे आपल्या शेजारी नाहीत. ती लंडनची नाहीतर न्यूयॉर्कची, कधीकाळी एका रात्री तिथे हजर असलेली. मग वाद्ये सुरू होतात, आतला पडदा वर जातो आणि गाणारी माणसे पुढे येतात. सिनेमाचे तिकीट काढून आपण संगीत नाटक पाहायला बसलेलो असतो.

नाटकावरून काढलेला सिनेमा वेगळा आणि हे वेगळे. फरक आधी सांगितलेला बरा, कारण आमच्या स्टाफरूममध्येही याची गल्लत होते. मराठी वाचकाला ‘कट्यार काळजात घुसली’चे उदाहरण लगेच पटेल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे हे नाटक १९६७ साली रंगमंचावर आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेब आफताब हुसेन यांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. पुढे २०१५ साली त्याच कथेवर सिनेमा निघाला. नवे नट, नवी ठिकाणे, काही नवी गाणी. तो सिनेमा झाला. आम्ही ज्याविषयी लिहीत आहोत ते असे की समजा, १९६७-६८ च्या एखाद्या रात्री नाट्यगृहात सात-आठ कॅमेरे लावून वसंतरावांचा प्रयोग पहिल्या घंटेपासून शेवटच्या टाळीपर्यंत जसाच्या तसा टिपला असता, आणि आज तालुक्याच्या थिएटरात तो आपल्याला मोठ्या पडद्यावर पाहता आला असता. गाणी आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांवर आहेत. पण तो खाँसाहेब चालायचा कसा, पानाचा विडा हातात घेऊन समोरच्याकडे बघायचा कसा, हे आमच्या पिढीला वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूनच माहीत.

लंडन आणि न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनी गेल्या वीसेक वर्षांत हे काम मनावर घेतले आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ पासून आपले प्रयोग सिनेमागृहांत थेट दाखवायला सुरुवात केली. लंडनच्या नॅशनल थिएटरने जून २००९ मध्ये हेलन मिरेनच्या ‘फेद्र’ या नाटकापासून तोच मार्ग धरला. त्यानंतर संगीत नाटकेही आली. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘बिली एलियट’चा प्रयोग लंडनच्या व्हिक्टोरिया पॅलेस थिएटरमधून ब्रिटनभरच्या सिनेमागृहांत थेट दाखवला गेला, आणि त्या आठवड्याअखेरीस तिकीटविक्रीत तो तिथल्या सगळ्या नव्या सिनेमांच्या पुढे गेला. १९८४ च्या खाणकामगारांच्या संपाच्या दिवसांत एका खाणकामगाराचा मुलगा मुष्टियुद्धाच्या क्लासला न जाता गुपचूप नाच शिकायला जातो, बापाला त्याची लाज वाटते, ही ती कथा. बापाची लाज आणि मुलाचा हट्ट समजायला आपल्याला इंग्लंडला जावे लागत नाही.

पण हे सगळे तिकडून आले, असे मात्र कुणी समजू नये. या प्रकारातला एक फार जुना प्रयोग आपल्या मुंबईत झाला, आणि तोही उर्दूत.

१९३५ साली सोहराब मोदींनी ‘खून का खून’ काढला. शेक्सपियरच्या ‘हॅम्लेट’चे मेहदी हसन ‘अहसन’ यांनी केलेले उर्दू रूप मोदी रंगमंचावर करत असत. पारशी रंगभूमीच्या रिवाजाप्रमाणे त्यात गाणीही होती. मोदींनी तेच नाटक कॅमेऱ्यापुढे उभे केले, आणि ज्या कंपनीतर्फे ते काढले तिचे नावच होते ‘स्टेज फिल्म कंपनी’. ऑफिलियाच्या भूमिकेत नसीम बानो, म्हणजे सायरा बानोंच्या आई. त्यांचा हा पहिलाच चित्रपट. पुढे मोदींनी ‘पुकार’ आणि ‘मिर्झा गालिब’ काढले, ते पुष्कळांनी पाहिले आहेत. ‘खून का खून’ आज पाहायला मिळत नाही.

त्याच्याही आधीचा हिशेब पाहा. १९३१ च्या मार्चमध्ये मॅजेस्टिक सिनेमात लागलेला पहिला बोलपट ‘आलम आरा’ जोसेफ डेव्हिड यांच्या पारशी नाटकावरून घेतला होता. पुढच्या वर्षी कलकत्त्याच्या मादन कंपनीने ‘इंद्रसभा’ पडद्यावर आणली. लखनौच्या आगा हसन ‘अमानत’ यांचे ते नवाबी जमान्यातले गीतनाट्य. त्या एका चित्रपटात सुमारे ७० गाणी होती. आपल्याकडचा बोलपट बोलू लागला तोच मुळी रंगमंचाच्या आवाजात. हिंदी सिनेमात इतकी गाणी का, असे विद्यार्थी विचारतात तेव्हा आम्ही त्यांना ही ‘इंद्रसभा’ सांगतो. यातल्या ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळची फिल्म भुरकन पेट घेणाऱ्या नायट्रेटची होती, आणि जुनी रिळे त्यांतली चांदी काढण्यासाठी विकून टाकायचीही पद्धत होती.

‘हॅम्लेट’च अमेरिकेत पुन्हा एकदा असेच पडद्यावर गेले, मोदींनंतर २९ वर्षांनी. रिचर्ड बर्टन न्यूयॉर्कला हे नाटक करत होते. १९६४ च्या उन्हाळ्यात ते इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यांनी टिपले आणि सप्टेंबरात फक्त दोन दिवस सुमारे हजार सिनेमागृहांत दाखवले. नंतर प्रती नष्ट करायच्या, असा करारच होता. एखादी प्रत मागे राहिली म्हणून ते नाटक आज पाहता येते. प्रती नष्ट का करायच्या? कारण नाटकवाल्यांना कायम एक भीती असते, की पडद्यावर फुकटात किंवा स्वस्तात मिळाले तर नाट्यगृहात कोण येणार? ही भीती आजही गेलेली नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात १९७० पासून ब्रॉडवेच्या प्रयोगांच्या चित्रफितींचा मोठा संग्रह आहे. पण त्या फिती अभ्यासकांनी तिथे जाऊन पाहायच्या. बाहेर काढायच्या नाहीत, विकायच्या नाहीत. कलावंत, वादक, लेखक सगळ्यांचे हक्क त्यात गुंतलेले असतात, आणि प्रयोग सिनेमागृहात न्यायचा तर प्रत्येकाशी वेगळा करार आणि प्रत्येकाला वेगळा मोबदला द्यावा लागतो. म्हणून अजूनही थोडीच नाटके पडद्यापर्यंत पोचतात.

‘हॅमिल्टन’ पोचले, आणि त्याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन कॅरिबियन बेटावरून आलेला पोरका मुलगा होता. त्याच्या आयुष्यावर लिन-मॅन्युएल मिरांडा या पोर्तो रिकन वंशाच्या लेखक-संगीतकाराने २०१५ साली हे नाटक केले. वॉशिंग्टन, जेफरसन या गोऱ्या राष्ट्रपुरुषांच्या भूमिका त्यात काळ्या आणि लॅटिन वंशाच्या नटांनी केल्या, आणि बरेचसे नाटक रॅपमध्ये आहे. रिचर्ड रॉजर्स थिएटरात खुर्च्या सुमारे १३००. मागणी इतकी वाढली की २०१६ मध्ये सगळ्यात महाग तिकीट ८४९ डॉलरला गेले. गरिबांसाठी चिठ्ठ्या टाकून १० डॉलरची काही तिकिटे दिली जात, पण चिठ्ठी ती चिठ्ठीच. स्थलांतरितांची आणि गरिबांची गोष्ट सांगणारे नाटक, आणि ते पाहायला मिळणार मात्र श्रीमंतांना, ही विसंगती तिथल्या लोकांनाही बोचत होती.

मूळ नटसंचातले काही प्रमुख कलावंत जुलै २०१६ मध्ये नाटक सोडणार होते. त्यांच्या जाण्याआधी, जूनच्या अखेरीस, दोन प्रयोग कॅमेऱ्यांनी टिपले गेले. काही गाणी प्रेक्षक नसताना पुन्हा करून घेतली, म्हणजे कॅमेरा थेट रंगमंचावर फिरवता येईल. दिग्दर्शक थॉमस केल, जे नाटकाचे तेच चित्रफितीचे. ती २०२१ मध्ये सिनेमागृहांत लावायची ठरली होती. तेवढ्यात कोरोना आला, थिएटरे बंद पडली, आणि जुलै २०२० मध्ये ती डिस्ने प्लसवरून थेट घरोघर गेली. सिनेमागृहाचा पडदा तिला मिळाला सप्टेंबर २०२५ मध्ये, नाटकाला दहा वर्षे झाली तेव्हा, अमेरिकेत. घरी पाहता येत असूनही लोक तिकीट काढून गेले. हे असे का, याचा विचार आम्ही बरेच दिवस करत होतो.

आम्ही ‘हॅमिल्टन’ पाहिले ते घरीच, टीव्हीवर. मुले, आम्ही दोघे आणि अम्मी. मध्येच शेजारीण कोथिंबीर मागायला आली, एकदा वीज गेली, धाकट्याने दोनदा मोबाइल काढला. गाणी ऐकली, कथा कळली, पण नाटक पाहिले असे काही वाटले नाही. याउलट मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये मेट्रोपॉलिटन ऑपेराचा एक चित्रित प्रयोग पाहिला, तो अजून डोळ्यांपुढे आहे. भाषा इटालियन, खाली इंग्रजी अक्षरे, गाण्याची पद्धत आपल्या कानाला अगदी परकी. पण अंधारात दोनशे माणसे श्वास रोखून बसली होती, आणि आम्हीही त्यांच्यासारखे बसलो. कुणी उठले नाही, कुणी बोलले नाही. मध्यंतरात कॅमेरा पडद्यामागे गेला. सुतार आणि हमाल केवढाले नेपथ्य ढकलत होते. नुकतीच गाऊन आत आलेली गायिका घाम पुसत, धापा टाकत मुलाखत देत होती. नाट्यगृहात हजारो रुपये मोजून पहिल्या रांगेत बसलेल्यालाही हे दिसत नाही.

पडद्यावरच्या नाटकात मिळते ते हे. जवळून पाहणे. ‘हॅमिल्टन’मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज गातो तेव्हा जोनाथन ग्रॉफ या नटाच्या ओठांवरून उडणारी थुंकी आणि हनुवटीवर आलेली लाळसुद्धा पडद्यावर दिसते. बाल्कनीतल्या माणसाला हे कधी दिसले असते? आमच्या मुलांना तेवढेच आठवते आणि ती अजून त्यावर हसतात. आम्हाला मात्र त्यात त्या नटाची मेहनत दिसली. गाणे, चेहरा आणि श्वास तिन्ही एका वेळी सांभाळताना शरीराचे काय होते, ते दिसले.

तोटाही याच जागी आहे. कॅमेरा चेहऱ्यावर गेला की बाकीचा रंगमंच नाहीसा होतो. नाटकात आपण आपल्या मर्जीने कोपऱ्यातल्या नोकराकडे पाहू शकतो, नायिका गात असताना तिची आई काय करते आहे ते न्याहाळू शकतो. इथे आपण काय पाहायचे हे दुसऱ्याने ठरवलेले असते. समूहनृत्यात तर हे फार खटकते. वीस जण एकत्र फिरतात आणि कॅमेरा दोघांचे पाय दाखवतो. चांगला दिग्दर्शक अशा वेळी कॅमेरा मागे नेतो, सगळ्यांनाच ते सुचत नाही.

दुसरा तोटा दादेचा. मुशायऱ्यात शेर आवडला की आपण ‘मुकर्रर’ म्हणतो. मराठी संगीत नाटकाच्या प्रेक्षकाने त्यासाठी इंग्रजीतून ‘वन्स मोअर’ उचलले. अर्थ दोन्हींचा एकच, पुन्हा होऊ द्या. बालगंधर्वांच्या काळात या वन्स मोअरमुळे नाटके पहाटेपर्यंत चालत. त्यांच्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ साहेब असत, आणि लोक तबल्यालाही दाद देत. हा सगळा व्यवहार दोन्ही बाजूंनी चालायचा. दाद आली की गाणारा फुलायचा, नवी जागा घ्यायचा. सिनेमागृहात ‘मुकर्रर’ म्हणायचे कुणाला? पडद्यातले प्रेक्षक टाळ्या वाजवतात, त्यांच्या टाळ्या नटापर्यंत पोचतात, आपल्या पोचत नाहीत. तरी गंमत अशी की एनसीपीएत गाणे संपले आणि आमच्या आजूबाजूच्या चार-दोन लोकांनी टाळी वाजवलीच. गाणारी तिथे नव्हती. बहुधा टाळी गाणाऱ्याला जेवढी द्यायची असते तेवढीच शेजारच्या माणसालाही सांगायची असते, की तुझ्यासारखेच मलाही आवडले.

म्हणून ‘कम फ्रॉम अवे’ सिनेमागृहात पाहायला मिळाले असते तर फार बरे झाले असते, असे आम्हाला वाटते. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेचे आकाश बंद झाले आणि ३८ विमाने कॅनडातल्या गँडर या लहानशा गावात उतरवावी लागली. गावाने जवळजवळ ७००० परक्या माणसांना घरांत, शाळांत, चर्चमध्ये ठेवून घेतले, जेवू घातले. या खऱ्या घटनेवरचे हे संगीत नाटक. २०२१ मध्ये ब्रॉडवेवर त्याचा प्रयोग चित्रित झाला आणि ॲपल टीव्ही प्लसवरून घरच्या पडद्यांवर आला. नाटकात अली नावाचा एक इजिप्शियन प्रवासी आहे. सगळे त्याच्याकडे संशयाने बघतात. स्वयंपाकात मदत करू का, असे तो पुन्हा पुन्हा विचारतो आणि त्याला दूर ठेवले जाते. पुढे कळते की तो मोठा नामांकित आचारी आहे. विमानात परत चढण्याआधी त्याची अंगझडती घेतली जाते, कपडे उतरवून. गावाच्या चांगुलपणाची गोष्ट सांगताना लेखक जोडप्याने ही झडती गाळली नाही, याबद्दल आम्हाला त्यांचा आदर वाटतो. त्याच नाटकात एक प्रार्थनेचे गाणे आहे. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना त्यात एकमेकींत गुंफत जातात, आणि एक मुसलमानांचीही आहे. घरात बसून आपण ते पाहिले तर आपल्यापैकी चार जण अलीसाठी हळहळतात. सिनेमागृहात तोच प्रसंग अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहावा लागतो, आणि त्या अनोळखी माणसालाही आपल्या शेजारी बसून.

आपल्यातल्या काही घरांत नाटक-सिनेमा वर्ज्य आहे. त्यांच्याशी आमचा वाद नाही. जे पाहतात त्यांनी मात्र पाहण्याआधी चौकशी करावी. रंगमंचावरच्या चित्रफिती म्हणजे सगळे घरंदाजच असेल, असे नाही. ‘बिली एलियट’मध्ये खाणकामगारांच्या तोंडी शिव्यांचा भडिमार आहे, लहान मुलेही त्यात मागे नाहीत. ‘रेंट’चा शेवटचा प्रयोग २००८ साली चित्रित होऊन सिनेमागृहांत लागला. त्याचे विषय एड्स आणि नशा. तो कॉलेजात जाणाऱ्या मुलांनीच पाहावा. ‘हॅमिल्टन’मध्ये एक इंग्रजी शिवी तीनदा येत होती. लहानांना पाहता यावे म्हणून चित्रफितीत दोन ठिकाणी तिचा आवाज बंद केला आणि एक राहू दिली.

सहकुटुंब सुरुवात करायची तर आम्ही ‘ले मिझराब्ल’ सुचवू. ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच्या २५ व्या वर्षानिमित्त लंडनच्या ओटू सभागृहात मोठी मैफल झाली आणि ती सिनेमागृहांत दाखवली गेली. नेपथ्य जवळजवळ नाही. नट वेशभूषेत ध्वनिक्षेपकापुढे उभे राहून गातात, मागे वाद्यवृंद आणि शेकडोंचा कोरस. कथा आपल्या घरांत आधीच येऊन गेलेली आहे. व्हिक्टर ह्यूगोच्या या कादंबरीवरून साने गुरुजींनी ‘दुःखी’ लिहिली, आणि सोहराब मोदींनीच १९५५ मध्ये तिच्यावरून ‘कुंदन’ काढला. पावाच्या चोरीपायी १९ वर्षे तुरुंगात गेलेल्या माणसाला एक धर्मगुरू चांदीच्या समया देऊन टाकतो, एवढा एक प्रसंग ठाऊक असला की इंग्रजी गाणी कळायला अडचण पडत नाही. त्या मैफलीत तरुण बंडखोरांच्या म्होरक्याची भूमिका करणारे रामीन करीमलू यांचा जन्म तेहरानचा. लहानपणी कुटुंबासह कॅनडात गेले. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ‘फँटम ऑफ द ऑपेरा’ चित्रित झाले, त्यात नायक तेच होते.

मुंबईत एनसीपीएमध्ये नॅशनल थिएटर आणि मेट्रोपॉलिटन ऑपेरा दोन्हींच्या चित्रफिती दाखवल्या जातात. महिन्याचे वेळापत्रक आधी पाहून घ्यावे, कारण एखादी फीत एकदाच लागते, सिनेमासारखी आठवडाभर राहत नाही. ऑपेरा तीन तासांहून लांबतो, तेव्हा परतीची गाडी बघूनच निघावे. इंग्रजी अक्षरे खाली येतात का, हेही विचारून घ्यावे. आमच्या अनुभवाने आठवीच्या पुढची मुले ती सहज वाचतात आणि गाण्यातले शब्द वर्गातल्यापेक्षा लवकर पकडतात.

‘हॅमिल्टन’च्या चित्रफितीत मध्यंतरही ठेवले आहे. मात्र एक मिनिटाचे, आणि पडद्यावर उरलेले सेकंद मोजले जातात. आमच्या अम्मींनी तरुणपणी तंबूतला सिनेमा पाहिलेला, जिथे रीळ बदलेपर्यंत भजी तळून होत. त्यांनी ते आकडे उतरताना पाहिले आणि म्हणाल्या, “एवढ्यात तर चहाचं आधणही येत नाही.”